आठव्या खाचेतलं कार्ड

पद्मजा चौगुले माणसांच्या छातीतल्या पेट्या तपासायचं काम करायची. मिरजेत एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर तिचं सेवाकेंद्र होतं. सकाळी नऊपासून बाहेरच्या बाकावर माणसं येऊन बसत. कुणाचा हात घास तोंडाशी नेता नेता थबकायचा, कुणाला पाणी पिताना ठसका लागायचा, कुणाचा पाय घरात नीट पडायचा आणि रस्त्यावर अडखळायचा. पद्मजा त्यांच्या खांद्याखाली, छातीच्या वरच्या कडेला एक चपटी चकती चिकटवायची, लॅपटॉप उघडायची आणि आतल्या यंत्राची विचारपूस करायची.

पक्षाघातानं मेंदूचा जो भाग मरतो त्याचं काम करणारी ही पेटी गेल्या दहा वर्षांत सर्रास बसवली जाऊ लागली होती. काडेपेटीएवढा संगणकच तो. आत आठ खाचा आणि खाचेत बोटाच्या नखाएवढी कार्डं. एक कार्ड हाताचं, एक पायाचं, एक गिळण्याचं. मेंदूच्या जिवंत भागातून निघालेला हुकूम कार्ड उचलतं आणि मेलेला भाग ओलांडून पलीकडच्या नसांना पोचवतं.

घरच्यांच्या मोबाइलवर एक ॲप असे. प्रत्येक कार्डापुढं हिरवा ठिपका दिसला की सगळं ठीक. पण पद्मजा नव्या मुलींना शिकवताना पहिल्याच दिवशी सांगायची, "ॲपवर विश्वास ठेवू नका. ॲप जे दाखवायला सांगितलंय तेच दाखवतं. आत काय आहे ते बघायचं तर कमांड लाइन उघडा."

मग ती काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाकून दाखवायची. साध्या संगणकांपासून चालत आलेली जुनी आज्ञा. यंत्र सुरू होताना प्रत्येक खाचेला विचारतं, कोण आहे? तिथलं कार्ड आपला नंबर सांगतं, म्हणजे मला कुणी बनवलं आणि मी काय करतो. उत्तर आलं नाही तर खाच रिकामी. त्या उत्तरांची यादी आज्ञा दिली की समोर येते. आज्ञेपुढं आणखी एक अक्षर जोडलं तर कार्डाला ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, लागलाय की नाही हेही कळतं. ड्रायव्हर नसलेलं कार्ड बिघडलेलं नसतं. ते नुसतं बसून असतं.

पद्मजाच्या नवऱ्याच्या छातीतही अशी पेटी होती.

धन्यकुमार चौगुले कॉलेजात भूगोल शिकवायचा. पाच वर्षांपूर्वी प्राध्यापकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासताना तो खुर्चीवरून कोसळला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. नुसती जीभ लुळी पडलेली नव्हती. मेंदूत जिथं वाक्य जुळतं ती जागाच गेली होती, त्यामुळं लिहिताही येईना. ऐकलेलं कळायचं, वाचलेलं कळायचं, पण आतलं बाहेर काढायला वाट नव्हती. पेटी बसवल्यावर हात आला, पाय आला. वाचेचं काय, असं पद्मजानं विचारलं तेव्हा सर्जन म्हणाले होते, "वाचेबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही." ती काय ते समजली आणि त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली.

स्वतः तंत्रज्ञ असूनही तिनं त्याची पेटी कधी उघडली नव्हती. नात्यातल्या माणसाच्या पेटीला हात लावायचा नाही, हा केंद्राचा नियम होता आणि तिनं तो पाळला. बाकी सगळं तिनं केलं. त्याला आंघोळ घातली, दाढी केली, कपडे बदलले. बंगळुरूच्या मुख्य कार्यालयातली मोठी जागा चालून आली ती नाकारली. संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन ती त्याच्या समोर बसायची आणि दिवसभराचं सगळं त्याला सांगायची. उत्तराची वाट बघायची सवय मोडायला वर्ष लागलं. त्यानंतर मात्र ती पूर्वी कधी बोलली नव्हती तसं बोलायला लागली. ज्याच्याकडून बाहेर काही जाणार नाही अशा माणसाशी बोलताना जसं सुटतं तसं.

त्यांची एकुलती मुलगी सन्मती चिंचवडला एका कारखान्यात नोकरीला होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या वाढदिवशी, चौदा ऑगस्टला, पद्मजा नवऱ्याशी बोलता बोलता एकदम म्हणाली, "तुम्हाला एक कधी सांगितलं नाही, अहो. सन्मतीच्या वेळी मी गोळ्या घेतल्या होत्या. लग्नाला चार महिने झाले होते, बंगळुरूला ट्रेनिंगसाठी माझं नाव लागलं होतं. मला ती नको होती. कोल्हापूरला जाऊन गोळ्या आणल्या. नाही लागू पडल्या. आज तिचा फोटो बघितला की माझा जीव वरखाली होतो. काय करून बसले असते मी!"

धन्यकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनंच ते पदरानं पुसलं.

त्या दिवाळीला सन्मती दोन दिवस आली, पाहुण्यासारखी राहिली आणि गेली. नंतर आलीच नाही. रविवारी तिचा फोन यायचा, चार-पाच मिनिटांचा. "जेवलीस? बाबा कसे आहेत? अजून काहीच नाही का बोलत?"

"नाही गं," पद्मजा म्हणायची. तेवढंच संभाषण उरलं होतं.

फेब्रुवारीत धन्यकुमारचा उजवा पाय फरफटायला लागला. ॲपवर ठिपका हिरवाच. कंपनीचा इंजिनिअर पंधरा दिवस येणार नव्हता आणि तेवढ्यात तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर भुवई फुटली. त्या शनिवारी पद्मजानं केंद्रातली चकती पर्समध्ये घालून घरी आणली. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर धन्यकुमार आरामखुर्चीत पेंगत होता. तिनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढलं, चकती चिकटवली, डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि आज्ञा दिली.

यादी आली. वीज, घड्याळ, संपर्क, डावा तोल, उजवा हात, उजवा पाय, गिळणं. सात. सगळ्यांना ड्रायव्हर लागलेले. पायाचं कार्ड जुन्या आवृत्तीवर अडकलं होतं, दोन मिनिटांचं काम. तिला हायसं वाटलं. आणि मग तिची नजर सातव्या ओळीच्या खाली गेली.

०८. वाचा, आवृत्ती ३. ड्रायव्हर: उपलब्ध, सध्या जोडलेला नाही.

तिनं आज्ञा परत दिली. परत तीच ओळ.

पहिल्यांदा तिला वाटलं, दवाखान्याची चूक. कार्ड बसवलं आणि सुरू करायला विसरले. पाच वर्षं! तरी तिला आनंदच झाला. आत्ता ड्रायव्हर जोडला तर आत्ता, या खुर्चीत, हा माणूस बोलेल. तिनं कार्डाची नोंदवही उघडली, शेवटचं कधी तपासलंय ते बघायला.

पहिली नोंद शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवसाची होती. वाचा चाचणी, एकेचाळीस मिनिटं, यशस्वी. त्याखाली: रुग्णाच्या इच्छेनुसार बंद. रुग्णाच्या इच्छेनुसार कुटुंबापासून गुप्त. चालू-बंद करण्याची खूण: डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी, तीनदा.

कायदा तिला पाठ होता. रुग्णाचा आवाज रुग्णाचा. तो कुणाला ऐकवायचा आणि कुणाला नाही, हे त्यानं ठरवायचं. सर्जन त्या दिवशी खोटं बोलले नव्हते. ते तिला सांगू शकत नव्हते.

पुढच्या नोंदी एकसारख्या होत्या. दर गुरुवारी सकाळी अकराला चालू, पावणेबाराला बंद. दर गुरुवारी. गुरुवारी पद्मजा केंद्रात असायची. आणि गुरुवारी चिंचवडच्या त्या कारखान्याला सुट्टी असायची. जोडलेल्या फोनचे शेवटचे चार आकडे नोंदीत होते. ते तिनं ताडून बघितले नाहीत, गरजच नव्हती.

तिनं खाली जात जात दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट शोधला. चौदा तारखेनंतरचा पहिला गुरुवार. त्या दिवशी कार्ड पावणेबाराला बंद झालेलं नव्हतं. दोन तास दहा मिनिटं चालू होतं.

 पद्मजा उठली, धन्यकुमारच्या खांद्याला हात लावून त्याला जागं केलं आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला.

"हे आठवं काय आहे?"

त्यानं वाचलं. तिच्याकडं बघितलं. परत वाचलं.   शेवटी त्याच्या डाव्या हाताचा अंगठा करंगळीला टेकला. एकदा, दोनदा, तीनदा.

"उभी का आहेस," तो म्हणाला. "बस."

आवाज त्याचाच होता. थोडा सपाट, पण त्याचाच. पाच वर्षं ती या आवाजासाठी जैन मंदिरात जाऊन हात जोडत होती.

ती बसली नाही. "तुम्ही बोलता."

"हो."

"पहिल्यापासून."

"हो."

"का?"

"खरं सांगू?" तो म्हणाला. "आधी नुसता दमलो होतो. म्हटलं चार दिवस कुणाशी बोलायला नको. मग तू सगळं करायला लागलीस, न सांगता. भांडणं थांबली. हे का केलं नाही, ते का विसरलात, सगळं थांबलं. मुक्या माणसाला कुणी जाब विचारत नाही, पद्मा. मला ते बरं वाटलं. आणि मग इतके दिवस झाले की आता कसं सांगायचं, असं झालं."

"मी बंगळुरू सोडलं."

"मी सोड म्हटलं नव्हतं."

 "आणि सन्मती?"

"तिच्याशी बोलावंसं वाटायचं," तो म्हणाला. ते त्यानं सहज म्हटलं, दुखवायचं म्हणून नाही. म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

"तिला गोळ्यांचं सांगितलंत."

तो गप्प झाला. बोलता येत असून गप्प झालेला माणूस कसा दिसतो, ते तिनं आज नीट बघितलं. पाच वर्षं तिच्यासमोर हाच चेहरा होता.

"तिनंच विचारलं," तो म्हणाला. "आई काय बोलते तुमच्याशी, म्हणून. रोजचंच सांगत होतो. मग तेही सांगितलं. तिला कळायला नको होतं का?"

"दोन तास सांगितलंत?"

"ती रडत होती. तिला समजावत होतो."

"मी पण रडत होते त्या दिवशी," पद्मजा म्हणाली. "तुमच्यासमोर बसून. मला समजवायला तुमच्याकडं एक शब्द नव्हता?"

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "झालं ते झालं. आता कळलंय तर बोलू आपण. चकती काढ, टोचतीय."

पद्मजानं त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून परत टेबलावर ठेवला. खुर्ची ओढून घेतली. चकती तशीच होती.

कार्डाला आपलं नाव माहीत असतं ते एका इवल्याशा चिपमुळं. तिच्यात कार्डाचा नंबर आणि त्याच्या सगळ्या नोंदी असतात. ती चिप कोरी केली की कार्ड मरत नाही, पण यंत्रानं कोण आहे म्हणून विचारल्यावर त्याला सांगायला काही उरत नाही. यंत्र त्या खाचेला रिकामी समजतं आणि पुढं जातं. कारखान्यात कार्डं तयार करताना वापरायची ही आज्ञा पद्मजाला येत होती. वीस वर्षांत तिनं ती एकदाही वापरली नव्हती.

"काय करतीस?" धन्यकुमारनं विचारलं.

ती टाइप करत होती.

"पद्मा, काय करतीस? बंद कर ते." तो खुर्चीतून उठायला गेला, पण पाय फरफटला आणि तो परत बसला. डावा हात चकतीकडं गेला. पद्मजानं एका हातानं त्याचं मनगट धरलं. रोज आंघोळ घालताना धरायची तसंच, घट्ट पण न दुखवता.

"हे बघ, मी चुकलो. ऐक. मी सन्मतीला सांगतो, आजच फोन करतो, तुझ्यासमोर. ती येईल, पद्मा, मी सांगितलं तर ती ये..."

यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला सहा सेकंद लागतात. सहा सेकंद धन्यकुमारचा उजवा हात लुळा पडला, मान कलली. मग हात परत हलला, मान उचलली. तोंड उघडं होतं. त्यानं ते मिटलं, परत उघडलं. घशातून एक घोगरा आवाज आला, दावणीच्या जनावरासारखा. अंगठा करंगळीवर आपटत राहिला. तीनदा. तीनदा. तीनदा.

पद्मजानं यादी काढली. सात ओळी होत्या. मग तिनं पायाच्या कार्डाची आवृत्ती बदलली, ज्यासाठी पेटी उघडली होती ते काम पुरं केलं, चकती काढली आणि त्याच्या शर्टाचं बटण लावलं.

त्या गुरुवारी सन्मतीचा फोन कुणी उचलला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. शुक्रवारी ती स्वतः आली, दोन वर्षांनी. दारातून आत आली ती थेट बापाजवळ गेली, गुडघ्यावर बसली. धन्यकुमारनं तिचा हात धरला आणि घशातून तो आवाज काढला. सन्मती दचकून मागं सरकली.

"काय झालंय यांना?"

"कुठं काय?" पद्मजा स्वयंपाकघरातून म्हणाली. "पाय सुधारलाय उलट. चहा टाकू?"

"आई, बाबा..." सन्मती थांबली. पुढं काय बोलणार? बोलत नाहीत असं म्हणावं, तर ते पाच वर्षं बोलतच नव्हते.

पद्मजा हात पुसत बाहेर आली. "बोल ना. बाबांचं काय?"

"तू केलंस काहीतरी."

"काय केलं?"

"तुला माहितीय काय ते!"

"मला कुठं काय माहिती असतं? मला कुणी सांगत नाही. दर रविवारी तू मला विचारायचीस, बाबा बोलतात का म्हणून. विचारायचीस की नाही? तेव्हा तुला माहिती होतं?"

सन्मती रडायला लागली. पद्मजा जवळ गेली नाही. "मी तक्रार करणार आहे," सन्मती म्हणाली.

"कर."

तिनं केलीही. कंपनीचा इंजिनिअर आला, त्यानं चकती लावली, यादी काढली. आठवी खाच उत्तर देत नव्हती. "ओल शिरली असेल," तो म्हणाला. "होतं असं, पाच वर्षं झाली की. बॅटरी बदलायला पेटी उघडतील तेव्हाच नवं बसेल." कार्डाच्या नोंदी कार्डावरच होत्या. त्यानं पद्मजाकडं बघून मान हलवली आणि तिनं त्याला सरबत दिलं.

सन्मतीनं बापाला चिंचवडला नेलं. आठवडाभर ठेवलं. तिची नोकरी आठ तासांची, येण्याजाण्यात आणखी दोन. भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. सांभाळायला ठेवलेल्या बाईला त्याचं काही कळायचं नाही, तो ताटं भिरकावायचा. ज्या आवाजाशी तिचं नातं होतं तो नव्हता, आणि उरलेल्या माणसाचं काय करायचं ते तिला येत नव्हतं. नवव्या दिवशी तिनं त्याला परत आणून सोडलं. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "मला नाही जमत, आई." पद्मजानं धन्यकुमारची पिशवी तिच्या हातातून घेतली. ती निघाली तेव्हा तो खिडकीच्या गजांना धरून ओरडत होता. सन्मतीनं कानात इअरफोन घातले आणि रिक्षात बसली.

त्यानंतर पद्मजा संध्याकाळी त्याच्या समोर बसेनाशी झाली. चहा ठेवायची आणि आत जायची. बाकी सगळं पूर्वीसारखं करायची. आंघोळ, दाढी, औषधं. शेजारणी म्हणायच्या, चौगुलेबाईंसारखं कुणी करणार नाही.

पेटीची बॅटरी दहा वर्षं पुरते. ती बदलायची वेळ आली तेव्हा पद्मजा निवृत्तीला आली होती आणि धन्यकुमारचे केस पार पांढरे झाले होते. दवाखान्यात एक नवे तरुण डॉक्टर होते, ऐनापुरे. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि पडदा वळवून दाखवला.

"ही आठवी खाच रिकामी दिसतीय. आता वाचेची नवी कार्डं आलीत, फार सुंदर चालतात. नाहीतरी पेटी उघडणारच आहोत, त्याच वेळी बसवून टाकू. अर्ध्या तासाचं काम. महिन्याभरात काका छान बोलतील."

धन्यकुमार इतका वेळ मान खाली घालून बसला होता. त्यानं वर बघितलं. मग त्याची मान जोरजोरात हलायला लागली. तो पुढं झुकला आणि डाव्या हातानं त्यानं डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. घशातून आवाज येत होता. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं.

डॉक्टर हसले. "काका हो म्हणतायत वाटतं. रुग्णाला सांगता येत नसेल तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, मॅडम. इथं खाली. बसवायचं की नाही, दोन चौकोन आहेत."

पद्मजानं चष्मा लावला, कागद पूर्ण वाचला.

"ते सगळ्यांनाच असं करतात, डॉक्टर," ती म्हणाली. "मघाशी लिफ्टमधल्या माणसालाही असंच धरलं होतं. आता या वयात अंगात आणखी काही घालायला नको. झेपायचं नाही त्यांना."

"असं म्हणता?"

"इतकी वर्षं मीच बघते ना त्यांचं."

डॉक्टरांनी मान डोलावली. तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली, सही केली, तारीख घातली. मग वाकून, बाहीवरची धन्यकुमारची बोटं तिनं एकेक करून सोडवली.